जुन्या घाटाच्या वाद्याची निवड : मिरजेचा तंबोरा आणि ब्लूजची विद्युत्-गिटार

वाद्यांच्या इतिहासात निर्मात्याची नोंद होते, वादकाचीही होते. परंतु या दोहोंमधील दुवा जी वाद्याची निवड, ती बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः एखादा घाट का टिकला आणि दुसरा का लोपला, याचे उत्तर पुष्कळदा या निवडीतच असते. मिरजेचा तंबोरा आणि अमेरिकेतील ब्लूज संगीताची विद्युत्-गिटार ही उदाहरणे त्या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. परंपरा त्याचे श्रेय फरीदसाहेब शिकलगार यांना देते. शिकलगारांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा. इंग्रजी अंमलात ते काम ओसरले, तेव्हा हे कसबी हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळा, तून वृक्षाचे लाकूड आणि पटवर्धन संस्थानिकांचा संगीताश्रय यांमुळे हा व्यवसाय स्थिरावला. मिरजेत वास्तव्य करणारे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्यासारख्या गायकांच्या गरजांतून त्यास सूक्ष्मता आली.

तंबोऱ्याची खरी परीक्षा जवारीत होते. घोडीचा माथा रुंद व किंचित वक्र असतो. तारेखाली सुताचा दोरा योग्य जागी सरकविला की तार त्या पृष्ठभागास हळुवार स्पर्श करीत राहते आणि स्वरातील उपस्वर प्रकट होतात. सामान्य तारेत जे उपस्वर उमटू नयेत, तेही येथे ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. गायक आपल्या आवाजाचा षड्ज, गळ्याची जात आणि तंबोऱ्याची आस यांचा मेळ पाहूनच वाद्य निवडतो. म्हणून पुरुषी तंबोरा मोठा व जनानी तंबोरा लहान असा भेद रूढ झाला.

ब्लूजच्या गिटारीची कथा निराळ्या परिस्थितीतून घडली. मिसिसिपीच्या ग्रामीण भागातून कृष्णवर्णीय गायक शिकागोस आले. मडी वॉटर्स १९४३ मध्ये आले. तेथील मद्यगृहांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विद्युत्-गिटार स्वीकारली गेली. फेंडर कंपनीची टेलिकास्टर (१९५१) व स्ट्रॅटोकास्टर (१९५४), तसेच गिब्सनची लेस पॉल (१९५२) हे घाट याच काळातले. निर्वात नळीचे ध्वनिवर्धक मर्यादेपलीकडे चालविले असता स्वर फाटे. तो अभियंत्याच्या दृष्टीने दोष होता. वादकाने मात्र त्यास गळ्यातील खरखरीचे मोल दिले. १९६५ मध्ये फेंडर कंपनी विकली गेल्यावर नव्या वाद्यांचा दर्जा उतरल्याचे वादक म्हणू लागले व जुन्यांना मागणी वाढली. अखेर १९८२ मध्ये कंपनीने आपल्याच जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या.

दोन्हीकडे शुद्ध स्वरापेक्षा भरलेला, किंचित खरखरीत स्वर पसंत झाला आणि जुना घाट टिकला तो त्या स्वरासाठी. केवळ पुरातनाच्या प्रेमामुळे नव्हे. परंतु साम्य येथे संपते. गिटारीचा जुना घाट मापांत बांधता येतो: लाकडाचे वजन, वेटोळ्यांची संख्या, मानेची गोलाई. म्हणून कारखाना त्याची प्रतिकृती काढू शकतो. जवारी मात्र मापांत बांधता आलेली नाही. ती प्रत्येक वाद्यावर, कानाने ऐकत, कानस फिरवून लावावी लागते आणि झिजली की पुन्हा लावावी लागते.

या भेदाचे परिणाम आज दिसतात. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे अनेक विद्यार्थ्यांवर वाद्य निवडण्याचा प्रसंगच येत नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे नावाचे रक्षण होईल. जवारी लावणारा हात टिकेल की नाही, हे मात्र ती पारखून घेणारा कान टिकतो की नाही यावर अवलंबून आहे. गिऱ्हाइकाची पारख आणि कारागिराचे कसब ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत. एक लोपले तर दुसरे फार काळ उरत नाही.