हात आवरण्याची वेळ

चित्राची सुरुवात कशी झाली याच्या कथा कलेच्या इतिहासात भरपूर सापडतात. ते नेमके कुठे आणि का थांबले याबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. खरे तर हा प्रश्न जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की ग्रीक चित्रकार अपेलीसने आपला समकालीन प्रोटोजेनीस याची मोकळ्या मनाने तारीफ केली आणि स्वतःकडे मोठेपणा घेतला तो एकाच बाबतीत: चित्रावरून हात कधी काढायचा हे आपल्याला कळते, त्याला कळत नाही. रेषा आणि रंग यांच्याइतकेच थांबणे हेही कसब आहे, ही जाण इतकी जुनी आहे. त्या कसबाच्या अभ्यासात उतरू पाहणाऱ्या वाचकाचे इथे मनापासून स्वागत आहे. माझा आग्रह एकच आहे. कलावंत काय म्हणाला हे जरूर ऐकावे, पण सुरुवात करावी ती कलाकृतीवर प्रत्यक्ष काय उरले आहे तिथून.

फ्रेंच चित्रकार सेझानने 1899 मध्ये आंब्रोआझ व्होलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र रंगवले. ते आज पॅरिसच्या पेटी पॅले संग्रहालयात आहे. व्होलारच्या आठवणींनुसार तो त्यासाठी 115 वेळा बसला, आणि तरीही त्याच्या हातावरच्या दोन बारीक जागा कोऱ्याच राहिल्या. त्याने विचारले तेव्हा सेझानने सांगितले, की तिथे अंदाजाने कुठलाही रंग लावला, तर त्या जागेपासून सगळे चित्र पुन्हा रंगवावे लागेल. हे उत्तर वरवर लहरी वाटते. पण सेझानच्या चित्रात प्रत्येक छटा शेजारच्या छटेच्या आधाराने उभी असते. एक बदलली की तिच्या शेजारणीचाही हिशेब बदलतो. कॅनव्हास पूर्ण झाकला गेला का, ही त्याची कसोटीच नव्हती. लावलेल्या रंगांचे आपसांत जमले का, एवढेच तो पाहत होता. म्हणून त्या दोन कोऱ्या जागा मला त्याच्या शिस्तीचा सर्वांत ठोस पुरावा वाटतात.

मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातली मायकेलअँजेलोची रोंदानिनी पिएता, म्हणजे मृत येशूला धरलेल्या मरियमचे शिल्प, पाहताना वेगळाच पेच पडतो. 1564 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वदीपर्यंत, तो या शिल्पावर छिन्नी चालवत होता. बरेचसे घडलेले शिल्प त्याने पुन्हा फोडले आणि येशूचा नवा देह मरियमच्या देहाच्या दगडातूनच काढायला घेतला. आधीच्या आवृत्तीतला येशूचा उजवा हात मात्र तसाच राहिला. घोटलेला, गुळगुळीत, आणि नव्या धडाशी कसलाही संबंध नसलेला तो हात बाजूला उभा आहे. पाय घोटलेले, चेहरे छिन्नीच्या खुणांनी भरलेले. हे अपुरेपण कलावंताने मुद्दाम राखले, असे म्हणणारे रसिक आहेत. मला ते पटत नाही. जवळपास पूर्ण झालेले काम नाकारण्याची ताकद त्या वयात एका माणसात होती, एवढे मात्र तो सुटा हात निर्विवाद सांगतो.

कधीकधी निर्णय कलावंताच्या हातात नसतोच. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे अर्धवट आहे, कारण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटकांचा आश्रय आटला आणि कारागिरांना काम सोडावे लागले. लंडनमध्ये 1878 साली तर चित्र पुरे झाले की नाही हा वाद थेट न्यायालयात गेला. चित्रकार व्हिसलरच्या चित्रावर समीक्षक रस्किनने जहरी टीका केली होती, आणि चित्राला पुरेशी सफाई आहे की नाही यावर साक्षी झाल्या. व्हिसलर जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

काही परंपरांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग, सोवळे, दागिने होत आले की डोळ्यांची आखणी होते, आणि हे काम सरावलेल्या हाताकडेच जाते. बुबुळाची जागा केसभर सरकली तरी मूर्तीची नजर बिघडते. आखणी झाली की कारागिराचे काम संपले. मूर्तीचे मूर्तिपण मात्र घरी प्राणप्रतिष्ठा झाल्यावरच पुरे होते. शेवट इथे दोघांत वाटलेला आहे. आधुनिक चित्रकाराला असा वाटेकरी नाही, आणि त्याच्या बऱ्याच अस्वस्थतेचे मूळ मी तिथे शोधतो.

नागपुरात जन्मलेले, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवत आणि खरवडून काढत. वर्षाला त्यांची मोजकीच चित्रे होत. ज्याच्या पद्धतीत काढून टाकणे हीच अर्धी निर्मिती आहे, त्याला कुठलीही पायरी शेवटची ठरवता येते. म्हणूनच त्यांचे थांबणे अभ्यासण्याजोगे आहे. क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्रण आता असे गाडलेले थर दाखवू शकते. युरोपातल्या जुन्या चित्रांवर असे काम पुष्कळ झाले आहे. आपल्याकडच्या विसाव्या शतकातल्या चित्रांचे थर त्याच चिकाटीने वाचायला हवेत; आणि आखणी करणाऱ्या कारागिरांशी, तसेच जलरंग मळण्याआधी विद्यार्थ्याचा ब्रश थांबवणाऱ्या कलाशिक्षकांशी बोलून त्यांचे अनुभव नोंदवायला हवेत. या कामाला प्रयोगशाळेइतकीच मराठी जाणणाऱ्या, कारखान्यात तासन्‌तास बसून पाहू शकणाऱ्या अभ्यासकाची गरज आहे.