बोटीच्या लाटांवरील कयाकस्वारी
चालत्या बोटीमुळे उठलेल्या लाटेचा उतार पकडून कयाक पुढे नेण्याचे कौशल्य. किनाऱ्यावरील सर्फिंगपेक्षा ते निराळे आहे. खोल पाण्यात ही लाट सहसा फुटत नाही, आणि ती कधी, कोठून येणार हे बोटीच्या वेगावरून व दिशेवरून ताडता येते.

खोल पाण्यात बोटीमागे लाटांचा पाचरीसारखा पट्टा पसरतो. त्याची प्रत्येक कड बोटीच्या मार्गाशी सुमारे १९.५ अंशांचा कोन करते, हे लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये गणिताने दाखवले. पट्ट्यात दोन प्रकारच्या लाटा असतात. आडव्या लाटा बोटीच्याच वेगाने मागोमाग येतात. तिरप्या लाटा बोटीपेक्षा मंद असल्याने वेगवान बोटीच्याही पकडता येतात. सेकंदाला ३ मीटर (ताशी सुमारे ११ किमी) वेगाच्या बोटीमागे आडव्या लाटांच्या दोन माथ्यांत सुमारे ५.८ मीटर अंतर असते, ४ मीटर वेगाला ते १० मीटरांवर जाते. सागरी कयाकची लांबी ५ मीटरांच्या आसपास असते. त्यामुळे आखूड लाटांत तिची नाळ (पुढचे टोक) पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि वेग मोडतो.

खरी कसोटी वेळ साधण्याची. मागचे टोक उचलले जाऊ लागताच काही जोरकस फटके मारायचे आणि नाळ खाली झुकली की वल्हे आवरते घ्यायचे. उतारावर कयाक आडवी फिरू पाहते. वल्ह्याचे पाते मागे पाण्यात धरून ती सरळ ठेवतात; तरीही फिरली, तर अंग लाटेकडे झुकवून त्याच बाजूला वल्ह्याचा आधार घेतात.

कयाक मॅरेथॉनमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या लाटेवर राहणे हा मान्य डावपेच आहे. मागचा खेळाडू पुढच्याच्या बाजूला, आपली नाळ त्याच्या बैठकीलगत ठेवून, बरीच शक्ती वाचवतो. स्वतंत्र लेन असलेल्या स्प्रिंटमध्ये ही संधी नसते.

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १ मीटर खोलीला तो सेकंदाला सुमारे ३.१ मीटरांपलीकडे जात नाही. जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या अशाच उथळ कालव्यात, नाव थांबल्यावरही पुढे धावत राहिलेल्या एकाकी लाटेचा घोड्यावरून पाठलाग केला होता. टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन उपसागरात तेलवाहू जहाजांच्या लाटा उथळ वाळूपट्ट्यांवर चढतात आणि सर्फर त्यांवर कित्येक मिनिटे स्वार राहतात.

बोटीच्या अगदी मागे जाणे धोक्याचे, कारण तेथे पंखा फिरत असतो आणि चालकाला कयाक दिसत नाही. अरुंद जलमार्गात मोठे जहाज जाताना काठाचे पाणी आधी ओसरते व मग जोराने परतते, म्हणून अशा वेळी काठालगत थांबणेही टाळतात.