डहाणू-तलासरी परिसर : वाटसरूंची आणि देवस्थानांची भूमी

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे एक प्रशस्त लेणे आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माची हकीकत तेथील भिंतीवर कोरून ठेवली. त्या लेखात सहा नद्यांची नावे आहेत : इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका. या नद्यांवर त्याने वाटसरूंसाठी नावांची सोय केली व उतारूंकडून पैसा घेतला नाही. नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या. यांपैकी दाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी, असे विद्वान मानतात. डहाणू हे नाव धेनुग्रामावरून आले, अशी गोड समजूत या भागात आहे. ती खरी असो वा नसो, गावाचे नाव लेखात प्रथम आले ते एका पुण्यकार्याच्या निमित्ताने, ही गोष्ट या भूमीला भूषणावह आहे.

त्याच लेखात बत्तीस हजार नारळीच्या झाडांचे दान नोंदले आहे. ती झाडे नानंगोल गावची, आणि नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ असे समजतात. आज त्या किनाऱ्यावर फिरावयास जाणाऱ्या मंडळींनी हा आकडा ध्यानी ठेवावा. माडांच्या सावलीत बसण्याचे सुख फार जुने आहे, परंतु ती झाडे कोणीतरी लावलेली व जोपासलेली असतात.

दुसरा पुरावा तर अगदी आपल्या तालुक्यातला. १९५५ साली चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा एक ताम्रपट त्यांत आहे. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार सुगतिप नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. राष्ट्रकूटांनी नेमलेला हा परधर्मीय अधिकारी. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू केली आणि संजाण येथे अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण व तूप वाढले जात असे, हेही त्या पत्र्यावर लिहिलेले आहे! पुढे त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेस गाव व जमीन लावून दिली. कशासाठी? तर मठिकेच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि काही ब्राह्मणांच्या भोजनासाठी.

जुन्या दानपत्रांत जीर्णोद्धारासाठी ‘खंडस्फुटित’ असा शब्द येतो. जे तुटले व जे तडकले, ते सांधणे, असा त्याचा अर्थ. देऊळ बांधणाऱ्याइतकेच देऊळ सांधणाऱ्याचे नाव मोठे मानण्याची रीत आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीही होती. शिवाय डागडुजी व वाटसरूचे अन्न ही दोन्ही कामे एकाच धर्माची समजली जात. देणगीदारांनी हा ताम्रपट विसरू नये. त्यात दान देणारा एका धर्माचा आहे आणि देवस्थान दुसऱ्या धर्माचे, तरी त्याची कोणास अडचण वाटलेली दिसत नाही.

संजाण आज गुजरात राज्यात आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग तिकडे गेला आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी झाला. नकाशावर रेघ ओढली गेली, पण इतिहास कोठून तुटणार? संजाणचा पुढचा अध्याय तर आपल्याच डोंगरावर घडला.

इराणातून आलेल्या पारशी लोकांनी संजाण येथे वस्ती करून आपला पवित्र अग्नी स्थापिला. त्याला ते ईराणशाह म्हणतात. पुढे सुलतानाच्या फौजा संजाणवर चालून आल्या. तेथील हिंदू राजाच्या बाजूने पारशी लढले, परंतु राज्य बुडाले. हा प्रसंग चौदाव्या शतकाच्या अखेरचा की पंधराव्या शतकातला, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. नवसारीच्या बहमन कैकोबाद याने इ. स. १६०० च्या सुमारास फारसी पद्यात ‘किस्से-इ-संजान’ लिहिले. त्यात असे सांगितले आहे की, पुजाऱ्यांनी तो अग्नी घेऊन बहरोटच्या डोंगराचा आश्रय केला आणि बारा वर्षे तेथे काढली. बहरोट म्हणजे बोर्डी-घोलवडच्या मागे, डहाणू व तलासरी यांच्या सीमेवर दिसणारा बारडाचा डोंगर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे दीड हजार फूट भरते. माथ्याजवळ कातळातल्या गुहा आहेत.

बारा वर्षे अग्नी विझू द्यावयाचा नाही, ही सोपी गोष्ट नव्हे. या भागात आषाढ-श्रावणात पाऊस कसा कोसळतो हे वाचकांस सांगावयास नको. रोज सुके लाकूड हवे, पाणी हवे, धान्य हवे. आणि डोंगराखाली कोणीही तोंड उघडले असते तर सारे संपले असते. ग्रंथात वारल्यांचे वा इतर डोंगरवासीयांचे नाव नाही, परंतु त्यांच्या मुक्या साहाय्याशिवाय हे घडले असेल असे वाटत नाही. पुढे हा अग्नी बांसदा, तेथून नवसारी असा फिरत फिरत १७४२ मध्ये उदवाडा येथे गेला व आजही तेथे तेवत आहे. बारडाच्या गुहांत आता काही जळत नाही. तरीही पारशी भाविक तेथे श्रद्धेने चढून येतात. आपल्या अंगणातला हा डोंगर दुसऱ्या एका समाजाचे तीर्थ आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असते?

डोंगर-किल्ल्यांविषयी बोलावयाचे तर आपल्या भागाची बाजू थोडी लंगडी आहे. गंभीरगड, सेगवाह, तलासरीकडचा बल्लाळगड ही नावे आजही फारशी कोणाच्या तोंडी नसतात. तटाचे चिरे ढासळले, टाकी गाळाने भरली. डहाणूचा खाडीकाठचा किल्ला मात्र बऱ्या स्थितीत राहिला. पोर्तुगीजांकडून १७३९ साली, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांकडे आला व पुढे सरकारी कचेरीच्या कामी लागला. कचेरी म्हटली म्हणजे कौले फुटली तर बदलली जातात, दाराला कडी-कोयंडा राहतो. माणसाचा राबता असेल तेथे वास्तू तगते, ही गोष्ट देवळालाही लागू आहे.

राबत्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे विवळवेढे येथील श्रीमहालक्ष्मी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीच्या पुढे हे देवस्थान आहे. मागे मुसळ्या डोंगराचा सुळका उभा. देवी मूळची डोंगरावरची. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकली, तेव्हा देवीच कनवाळूपणे पायथ्याशी आली, अशी कथा आहे. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस यात्रा भरते. ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजारी घराण्याचा. मध्यरात्री तो पुजारी ध्वज घेऊन त्या अवघड कड्यावर चढतो. ध्वज येतो जव्हारच्या मुकणे संस्थानिकांच्या घराण्याकडून. यात्रेत पावसाळ्यासाठी कांदा-लसूण, मिरची, सुकी मासळी भरून घेणारी कुटुंबे आजही दिसतात. म्हणजे देवीचे दर्शन, बाजारहाट आणि डोंगराची राखण ही सारी एकाच दोरीत गुंफलेली आहेत. हा सुळका देवीचा नसता तर त्याची खडी होऊन केव्हाच एखाद्या रस्त्यावर पडली असती, असे म्हणावयास हरकत नाही.

गावोगावच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला वाघदेवही असाच. त्याच्या भोवतीची झाडे सहसा कोणी तोडीत नसे. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनी ते रान जसे पाहिले तसे रेखाटले. पुढे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगभर नेली व २०११ साली ते पद्मश्री झाले.

अलीकडच्या काळातील काही जागाही तितक्याच आदराने पाहावयास हव्यात. तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो इतिहास आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणवाड्या उभ्या केल्या. या ठिकाणी पाहावयास शिल्पे नाहीत. तरी सहलीच्या गाड्या तेथे थांबावयास हव्यात.

आता किनाऱ्याकडे वळू. सुरूची बने, ओहोटीला दूरवर उघडी पडणारी पुळण, मागे चिकूच्या वाड्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोलवडकडे रुजलेल्या या फळाला, डहाणू-घोलवड चिकूला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या या वैभवाला सरकारी संरक्षण मिळाले ते २० जून १९९१ रोजी. केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरविला. उद्योगांसाठी पाचशे एकरांहून अधिक जमीन देता येणार नाही, असे बंधन घातले. पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेख करण्यासाठी प्राधिकरण नेमण्याचे ठरले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. येथील औष्णिक वीजकेंद्राला धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसविणे भाग पडले, ते या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे.

वाढवण बंदराचा प्रश्न मात्र अधिक बिकट. १९९८ मध्ये प्राधिकरणाने हे बंदर अमान्य केले होते. पुढे योजना नव्या रूपात आली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून तिला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा ७६,२०० कोटी रुपयांचा. मुलांना घराजवळ काम मिळेल, अशी आशा धरणारे लोक गावोगाव आहेत. समुद्रावर पोट असलेले मच्छीमार, डायमेकर व वाडीवाले मात्र वर्षानुवर्षे विरोधात उभे राहिले. दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत. एवढे खरे की, उषवदाताच्या काळी खाडीवर नाव आली तेव्हा खाडी बदलली नाही. या वेळी किनाराच बदलणार आहे. म्हणूनच जे हाती राहील ते सांभाळण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली.

एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. रविवारी व सुट्टीत किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा मिळत नाही. चार पैसे गावात येतात हे चांगलेच. पण सुरूच्या बनात जेवणाच्या पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या व फुटक्या बाटल्या पडून राहतात. भरतीबरोबर त्या समुद्रात जातात. जखमी समुद्री कासवांवर डहाणूच्या पारनाका येथे वनखात्याच्या केंद्रात उपचार होतात. मासेमारीच्या तुटक्या जाळ्यांत पाय अडकलेली कासवे पाहिली म्हणजे हा कचरा कोणाच्या गळ्याशी येतो ते कळते. पाहुण्यास दोष देऊन भागणार नाही. कचऱ्याची टोपली, पिण्याचे पाणी, शौचालय यांची सोय गावाने केली व तिचा माफक आकार घेतला, तर तो आजचा अन्नछत्राचाच प्रकार होईल.

जीर्णोद्धार करतानाही काही पथ्ये पाळावयास हवीत. जुन्या देवळाच्या आवारात पिंपळाखाली वीरगळ, सतीशिळा, भंगलेल्या मूर्ती पडलेल्या असतात. पायात दगड कमी पडला म्हणून ते चिरे भरीत घालू नयेत. त्यांस ऑइलपेंट लावू नये, वा भंगलेल्या म्हणून नदीत सोडू नयेत. एका कोपऱ्यात ओटा बांधून ओळीने मांडाव्यात. अक्षरे असलेला दगड सापडल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे. चिंचणीचे पत्रे भांड्यांच्या मोडीत गेले असते तर सुगतिपाचे अन्नछत्र आज कोणास कळले असते? आणखी एक. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. तेव्हा शिखराची उंची वाढविण्यापूर्वी जाणत्या इंजिनियरचा सल्ला घेणे अगत्याचे.

बारडावर जावयाचे तर थंडीचे दिवस उत्तम. घोलवड स्टेशनावर उतरून बोर्डीमार्गे अस्वाली धरणाच्या बाजूने पायथा गाठावा, गावातला वाटाड्या सोबत घ्यावा व त्याचे मोल द्यावे. पाणी बरोबर ठेवावे. गुहेत चूल पेटवू नये, भिंतीवर नाव लिहू नये. उतरताना रिकाम्या बाटल्या खाली आणाव्यात. आकाश निवळ असले तर वरून पश्चिमेस समुद्र दिसतो आणि उत्तरेस संजाणकडची सपाटी.