व्हिएतनाममधील युद्धोत्तर पर्यटन आणि मराठी प्रवाशाची इतिहासदृष्टी

व्हिएतनाम हा देश मराठी वाचकाला प्रथम परिचित झाला तो युद्धवार्तांमधून. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेनंतर युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमण्यात आला, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. पुढे १९७५ मध्ये सायगावचा पाडाव होईपर्यंत या देशाचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर राहिले. आज तोच देश सहल-संस्थांच्या पत्रकांत झळकत असून २०२४ या एका वर्षात सुमारे ५ लाख भारतीय तेथे जाऊन आले. त्यांत मराठी प्रवाशांचा भरणा लक्षणीय आहे. हा प्रवासी तेथे जाऊन काय पाहतो आणि त्याच्या नजरेतून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

युद्ध संपताच पर्यटन सुरू झाले असे नव्हे. पहिले दशक अन्नटंचाई, कंबोडियातील लष्करी गुंतवणूक, १९७९ चा चीनशी संघर्ष आणि अमेरिकेचे आर्थिक निर्बंध यांत गेले. डिसेंबर १९८६ मध्ये साम्यवादी पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले आणि दारे किलकिली झाली. १९९० मध्ये सुमारे अडीच लाख परदेशी प्रवासी आले होते. २०१९ मध्ये ही संख्या १ कोटी ८० लाखांवर गेली. पाहुणे बदलले तसे इतिहासाचे फलकही बदलले. सायगावमध्ये सप्टेंबर १९७५ मध्ये उघडलेल्या प्रदर्शनगृहाच्या नावात अमेरिका आणि तिचे बाहुले सरकार यांच्या ‘गुन्ह्यां’चा उघड उल्लेख होता. १९९० मध्ये तो ‘युद्ध आणि आक्रमण यांचे गुन्हे’ असा सौम्य करण्यात आला. १९९५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले त्याच वर्षी, केवळ ‘युद्धावशेष संग्रहालय’ हे नाव उरले. आतील छायाचित्रे मात्र आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. पर्यटन हे स्मृतीचे संपादन करते, याचा इतका ठळक दाखला क्वचितच सापडावा.

मराठी प्रवासी या संग्रहालयातून बहुधा कु ची येथील भुयारांकडे जातो. तेथे त्याच्या मनात एक कथा आधीच तयार असते. व्हिएतनामी सेनानींनी शिवाजी महाराजांच्या चरित्रातून गनिमी कावा शिकून अमेरिकेला नमविले आणि त्यांच्या एका मंत्र्याने भारतभेटीत रायगडाची माती मस्तकी लावली, अशी ही कथा महाराष्ट्रात व्याख्यानांतून आणि संदेशांतून फिरत असते. तिला समकालीन कागदपत्राचा आधार कोणी देत नाही. त्याउलट व्हिएतनामी युद्धपरंपरेचे पुरावे विपुल आहेत. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ याने बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खुंट रोवून मोंगल आरमार अडकविले, तर १४१८ ते १४२७ या काळात ले लोई याने मिंग सैन्याशी दीर्घकाळ छुपी झुंज दिली. जनरल व्हो न्युएन ज्याप हे स्वतः हनोईत इतिहासाचे शिक्षक होते. त्यांच्या लेखनात या पूर्वजांचा आणि माओच्या लोकयुद्धाच्या सिद्धांताचा मागोवा घेता येतो. शिवाय भूगोलही वेगळा. मराठ्यांचा गनिमी कावा सह्याद्रीच्या घाटवाटांवर, दुर्गांवर आणि चपळ घोडदळावर उभा होता. कु ची हा सपाट शेतीचा मुलूख. तेथील चिकट, घट्ट मातीत फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यापासूनच गावकऱ्यांनी भुयारे खणण्यास प्रारंभ केला होता. महाराजांची थोरवी अशा कथेने तसूभरही वाढत नाही. ज्यांनी ती भुयारे खणली त्यांचे श्रेय मात्र नकळत हिरावले जाते. (प्रवाशांसाठी ही भुयारे आता रुंद करण्यात आली आहेत आणि जवळच पैसे मोजून बंदूक चालविण्याची सोय आहे. याविषयी अधिक न लिहिणे बरे.)

दुसरे ठिकाण आहे मी-सोन. दा नांगच्या नैऋत्येस सुमारे ७० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चंपा राज्यातील मंदिरांचा हा विटांचा समूह आहे. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास भद्रवर्मा या राजाने येथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पर्वतांनी सीमित झालेले संपूर्ण खोरे देवास अर्पण केल्याचे संस्कृत शिलालेखात नोंदविले. तेराव्या शतकापर्यंत येथे बांधकामे होत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी आंरी पार्मांतिए यांनी सुमारे ७० वास्तूंची नोंद करून त्यांचे अक्षरांनुसार गट पाडले. त्यांपैकी ‘ए-१’ हे सुमारे २४ मीटर उंचीचे मंदिर चंपा स्थापत्याचा उत्कर्षबिंदू मानले जाई. युद्धकाळात या दुर्गम खोऱ्याचा आश्रय क्रांतिकारकांनी घेतला आणि ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकन बाँबवर्षावात हे मंदिर कोसळले. पॅरिसच्या गिमे संग्रहालयातील विद्वान फिलीप स्टर्न यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पत्र लिहून निषेध नोंदविला. पण तोवर घडायचे ते घडून गेले होते.

युद्धानंतर येथे येणारा पहिला माणूस पर्यटक नव्हता. तो सुरुंग काढणारा होता. मंदिरांच्या परिसरातील न फुटलेले बाँब आणि सुरुंग काढताना काहींनी प्राण गमावले. १९८१ पासून पोलंडचे वास्तुविशारद काझिमिएझ क्व्यात्कोव्स्की यांनी व्हिएतनामी सहकाऱ्यांसह अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी जतनकार्य आरंभिले आणि १९९७ मध्ये त्यांचे व्हिएतनाममध्येच निधन झाले. १९९९ मध्ये मी-सोनला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ ते २०२२ या काळात ए, एच आणि के या गटांचे जतन केले. मे २०२० मध्ये याच कार्यात वालुकाश्माचे नवव्या शतकातील अखंड शिवलिंग प्रकाशात आले आणि त्याची वार्ता भारतात सर्वत्र पोचली.

या वार्तेने सुखावणारा प्रवासी मी-सोनला ‘आपले मंदिर’ पाहण्यास जातो. या दृष्टीला इतिहासलेखनाचाही पाठिंबा मिळाला होता. १९२६ मध्ये कलकत्त्यास बृहत्तर भारत परिषद स्थापन झाली आणि १९२७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांचा चंपाविषयीचा ग्रंथ अतिपूर्वेतील प्राचीन भारतीय वसाहतींच्या मालेत प्रसिद्ध झाला. परतंत्र देशातील विद्वानांना हा शब्द दिलासा देणारा वाटला, हे समजण्याजोगे आहे. पण चंपा ही वसाहत नव्हती. तिचे राजे आणि प्रजा चाम होती, त्यांची भाषा मलय-कुळाशी जवळीक असलेली आहे. १४७१ मध्ये व्हिएतनामींनी त्यांची विजय ही राजधानी घेतली आणि उरलेले दक्षिणेकडील राज्य १८३२ मध्ये संपुष्टात आणले. त्या राज्याचे नाव होते पांडुरंग. मराठी माणसाचे कान हे नाव ऐकताच टवकारतात. पण येथे त्याचा संबंध पंढरपूरशी जोडणे म्हणजे नामसादृश्यावर इतिहास रचणे होय. आज सुमारे पावणेदोन लाख चाम व्हिएतनाममध्ये राहतात. त्यांच्यात शैव परंपरा पाळणारे आहेत, तसे मुसलमानही आहेत. मी-सोनच्या पायवाटेवर त्यांच्याविषयी प्रश्न विचारणारा भारतीय प्रवासी विरळाच.

आपलेपणा शोधावयाचाच असेल तर नागपूरकराला त्यासाठी अधिक भक्कम भूमी उपलब्ध आहे. शहराच्या उत्तरेस, रामटेकनजीक मनसर येथे १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन विटांच्या मंदिराचे भव्य अवशेष उघडकीस आले. हान्स बाकर यांनी या स्थळाची सांगड दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुराशी आणि ताम्रपटांत उल्लेखिलेल्या प्रवरेश्वराच्या देवस्थानाशी घातली आहे. प्रवरसेनाचा प्रवरेश्वर आणि भद्रवर्म्याचा भद्रेश्वर: दोघेही साधारण एकाच युगातले, दोन्ही ठिकाणी राजाच्या नावाने शिव, दोन्ही ठिकाणी वीट आणि संस्कृत दानलेख. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या वाकाटक ताम्रपटांतील दानभूमीच्या चतुःसीमा वाचून मग भद्रवर्म्याच्या लेखातील पर्वतसीमा वाचल्या, तर विदर्भ आणि चंपा हे मूळ आणि शाखा न वाटता एकाच सांस्कृतिक व्यवहारातील दोन समकालीन राज्ये वाटू लागतात. आपल्या महाविद्यालयांच्या अभ्याससहली मनसरला नेणे कठीण नाही, आणि व्हिएतनामला जाणाऱ्या प्राध्यापकाने तर तेथूनच निघावे.

दोन्ही ठिकाणच्या विटा ढासळल्या, पण कारणे वेगळी. मनसरचे मंदिर शतकानुशतकांच्या विस्मृतीत मातीखाली गेले. मी-सोनच्या बाँबविवरांत आता गवत वाढले आहे. ‘ए-१’ मंदिराच्या जागी विटांचा ढीग आणि पीठाचे दगड आहेत, आणि ते मंदिर कसे होते हे पार्मांतिए यांच्या आरेखनांवरून व जुन्या छायाचित्रांवरूनच कळते.