सीमाप्रश्नातील दिल्ली : नकाशा आणि भाषेचा हक्क

निपाणीतल्या माझ्या दवाखान्यात लोक दुखणी घेऊन येतात, तसे कागदही घेऊन येतात. रेशनचा कागद, पेन्शनचा कागद, जमिनीची नोटीस. औषधाच्या पुड्या पिशवीत टाकून झाल्या की एखादी आजी कमरेची चंची सोडते, आतून घडी घातलेला कागद काढते आणि म्हणते, "डॉक्टर, एवढं वाचून सांगा की." कागद कानडीत असतो. मला कानडी येते. शाळेत शिकलो, आणि घरातही ऐकत आलो. आमच्या भागातल्या जैन घरांत सासू कोल्हापूरकडची मराठी आणि सून चिकोडीकडची कानडी, हे नवल नाही. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, ती आजही दोन्ही राज्यांत काम करते. कानडी मला परकी नाही, आणि कानडी शेजाऱ्याशी माझे भांडणही नाही.

पण एकदा एका आजीने विचारले, "सरकारनं मलाच लिहिलंय न्हवं? मग मला का कळंना?" त्या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आले नाही. आजच्या या निबंधात मी ते शोधणार आहे.

सीमाप्रश्नावरची व्याख्याने आपण आयुष्यभर ऐकली आहेत. त्यांत बहुधा मुंबई आणि बेंगळुरू यांचे भांडण असते. दिल्ली असते ती कुंपणावर बसलेली. मला वाटते, इतिहास जरा वेगळा आहे. दिल्लीकडे या प्रश्नात दोन कामे होती. एक नकाशाचे आणि दुसरे माणसाचे. पहिल्या कामाबद्दल आपण खूप बोललो. दुसऱ्याबद्दल फार कमी.

सुरुवात आपल्याच अंगणात झाली. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये केंद्राने फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे दुसरे दोन सदस्य. ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल आला. बेळगाव कर्नाटकाकडे जावे, असे त्यात होते. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावात आणि निपाणीत गोळीबार झाला. बेळगावचे पैलवान मारुती बेन्नाळकर गेले, आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते गेल्या, आणखीही गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दिवशी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यात होती. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. गोळी झाडणारे पोलीस मुंबई राज्याचे होते. निर्णय दिल्लीचा, बंदूक राज्याची आणि छाती आपली. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय घटनेने राज्यांकडे दिले आहेत, त्यामुळे दिल्लीने घेतलेल्या निर्णयाचा राग राज्याच्या लाठीवर येऊन आदळतो. पुढच्या तीस वर्षांत राज्य बदलले, ही रीत बदलली नाही. केंद्रातही सारे एका मताचे नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला.

१ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट अमलात आली, ती आपल्या भाषणांत क्वचितच येते. सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५० क आणि ३५० ख हे दोन अनुच्छेद आले. पहिला सांगतो की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी, आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निर्देश देऊ शकतात. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा एक विशेष अधिकारी निर्माण केला. रेघ ओढली जाईल तिथे कुणीतरी पलीकडे अडकणारच, हे दिल्लीला ठाऊक होते. म्हणून जखम आणि मलम एकाच तारखेला आले.

मलमाची मात्रा मात्र सुरुवातीलाच पातळ केली गेली. पुनर्रचना आयोगाने सुचवले होते की या संरक्षणांवर देखरेख राज्यपालांनी केंद्राच्या वतीने करावी. राज्यपाल राज्यातच बसतो. त्याचा शब्द मंत्रिमंडळाला टाळणे अवघड गेले असते. केंद्राने ते मान्य केले नाही आणि दूर बसणारा आयुक्त पत्करला. १९५७ पासून हे आयुक्त अहवाल लिहितात, अहवाल संसदेपुढे जातात. आयुक्त विचारू शकतो, सुचवू शकतो. राज्याला भाग पाडू शकत नाही. १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर महत्त्वाचे कायदे, नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. आजीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तिला कळेल अशा भाषेत लिहायचे, हे सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मिळून मान्य केले होते.

आता नकाशाचे काम. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, संमती लागत नाही. म्हणजे अधिकाराचा प्रश्न नव्हता. १९५७ साली मुंबई राज्याने केंद्राकडे निवेदन देऊन ८१४ खेड्यांवर हक्क सांगितला. त्यामागचे सूत्र होते खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता. हे सूत्र हवेतले नव्हते. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी तेच लावले; दोन्ही राज्यांनी ते मानले, संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि गावे इकडची तिकडे झाली. दोन्ही मुख्यमंत्री राजी असले की दिल्ली तत्पर. एक राजी नसला की दिल्ली वाट पाहणार. आमच्याकडे एक राजी नव्हता.

१९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या दोन-दोन प्रतिनिधींची समिती झाली, ती एकमताशिवाय संपली. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले. पंचाऐंशी ओलांडलेला तो म्हातारा हटेना, तेव्हा केंद्र हलले आणि २५ ऑक्टोबर १९६६ ला माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्या वेळी दिल्ली, मुंबई आणि बेंगळुरू या तिन्ही ठिकाणी काँग्रेसच होती. आयोग नेमल्यावर महिन्याच्या आत यशवंतराव चव्हाण केंद्राचे गृहमंत्री झाले. सीमाभागाला वाटले, आता आपला माणूस त्या खुर्चीत आहे. पण खुर्ची माणसाला आपल्या आकाराची करून घेते. गृहमंत्र्याला दोन्ही राज्ये सारखीच.

ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. वाचकहो, निपाणीकर म्हणून हा परिच्छेद लिहिताना माझा हात अजून थबकतो. महाजनांनी निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागांसह २४७ गावे म्हैसूरला, आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. म्हैसूरने अहवाल जसाच्या तसा लागू करा म्हटले. महाराष्ट्राने तो नाकारला. बेळगावाशिवाय सीमाप्रश्न सुटला असे म्हणणे महाराष्ट्राला शक्य नव्हते, आणि बेळगावच्या भावंडांना सोडून आपण पलीकडे जावे असे निपाणीलाही म्हणवले नसते. पण कागदावर का होईना, माझे गाव एकदा महाराष्ट्रात जाऊन आले आहे. केंद्राने अहवाल ना स्वीकारला, ना फेटाळला. फेब्रुवारी १९६९ मध्ये मुंबईत याच प्रश्नावर उपपंतप्रधान मोरारजी देसाईंची गाडी अडवण्याचा प्रयत्न झाला, दंगल उसळली, माणसे मेली. तरीही निर्णय नाही.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले ते आठवा. सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक गावी, नऊ कृष्णवर्णीय मुले न्यायालयाच्या निकालानुसार गोऱ्यांच्या शाळेत निघाली. राज्यपाल फॉबस यांनी राज्याचे सैनिक उभे करून त्यांना अडवले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी केंद्राचे सैन्य पाठवले आणि मुलांना वर्गापर्यंत पोहोचवले. आपले दुःख त्या गुलामगिरीच्या वारशाशी तोलू नये. तो जखमेचा वेगळाच प्रकार. पण एक फरक शिकण्यासारखा आहे. तिथे केंद्र हलले ते नकाशासाठी नव्हे, शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुलासाठी. आणि मुलाचा हक्क न्यायालयाने आधीच स्पष्ट शब्दांत सांगितला होता, त्यामुळे अध्यक्षांना पाठ फिरवता आली नाही.

आपल्याकडेही शाळेच्या दारातला प्रश्न आला, १९८६ मध्ये. मी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. बेंगळुरूत रामकृष्ण हेगडे यांचे जनता पक्षाचे सरकार, दिल्लीत आणि मुंबईत काँग्रेस. शाळांतून कानडी सक्तीची करण्याविरुद्ध १ जूनपासून आंदोलन पेटले. बेळगाव तालुक्यातल्या खेड्यांत गोळीबार झाला. हिंडलग्याचे स्मारक त्या हुतात्म्यांचे आहे. छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले, शरद पवार पोलिसांची नजर चुकवून पोहोचले. वृत्तपत्रांत या कहाण्या रंगल्या. माझ्या बाकावर मात्र झोप उडालेल्या आया बसल्या होत्या. एकीने मुलाला कोल्हापूरला मामाकडे धाडले होते, आणि आता तो परत येऊन कोणत्या शाळेत बसेल हे तिला कुणी सांगू शकत नव्हते.

तेव्हा ३५० क घटनेत येऊन तीस वर्षे झाली होती. राष्ट्रपतींचा निर्देश मागण्याची याहून योग्य वेळ कोणती? पण मुंबईहून आलेले नेते नकाशाचीच घोषणा देत होते, बेंगळुरूला प्रत्येक मराठी शाळेत फुटीरपणा दिसत होता, आणि दिल्लीला दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा हक्क दिसत नव्हता. १९६७ ला तिन्हीकडे एकच पक्ष, १९८६ ला वेगवेगळे पक्ष, फळ तेच. म्हणून दोष एखाद्या पक्षाचा म्हणून सुटता येत नाही.

याच्या पाच वर्षे आधीची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या रस्त्यावर मराठी शेतकऱ्याच्या भाकरीशेजारी कानडी शेतकऱ्याची भाकरी होती. तंबाखूला भाषा नसते, गोळीलाही नसते. हक्काची गोष्ट हक्क म्हणून मांडली की शेजारी सोबत येतो, हे आपण आपल्याच गावात पाहिले आहे.

पुढचे आपल्याला ताजे आहे. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या दाव्यात कर्नाटकासोबत खुद्द केंद्र सरकार प्रतिवादी आहे. पंच म्हणून ज्याच्याकडे पन्नास वर्षे पाहिले, तो आरोपीच्या बाकावर आला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासले गेले आणि राज्याने महापालिकाच बरखास्त केली. १४ डिसेंबर २०२२ ला गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दावे करू नयेत, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बोलत राहावे, असे ठरले. त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात आता ८६५ गावे आहेत.

न्यायालय निकाल देईल तेव्हा देईल. दावा सोडावा, असे मी म्हणत नाही. ज्यांनी त्यासाठी प्राण दिले त्यांच्या स्मारकावर मी दर १७ जानेवारीला जातो. पण जुनाट दुखण्याचा रोगी मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत रोजचे औषध बंद ठेवतो का? आपण ठेवले. नकाशा बदलेल त्या दिवशी भाषा आपोआप वाचेल, असे मानून आपण ३५० कला हात लावला नाही. राजकारण्यांना बोल लावताना माझेही सांगतो. माझी दोन्ही मुले इंग्रजी शाळेत शिकली. नातवाला मराठी अक्षरे मी रविवारी शिकवतो, पाहुण्यासारखी. मराठी शाळेचा हक्क मागणाऱ्याने त्या शाळेत मूलही पाठवावे लागते, हे मला उशिरा कळले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कानडीतली नोटीस घरी आली, तर ती मराठीतही मागा. साध्या कागदावर, नावानिशी, १९६१ च्या निर्णयाचा उल्लेख करून. प्रत भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांना पाठवा. उत्तर येणार नाही कदाचित. पण लेखी मागितलेला हक्क नाकारायलाही लेखी कारण लागते, आणि कारणांची अशी थप्पी साचली की दिल्लीला कधीतरी ती वाचावी लागेल.

त्या आजीचा असा पहिला अर्ज मी लिहून दिला. खाली अंगठा तिचा आहे.