आज्ञा कोणी लिहायची?

दक्षिण जर्मनीत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी गार्मिश नावाचे गाव आहे. बर्फावरच्या खेळांसाठी ते प्रसिद्ध. १९३६ सालच्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा येथेच झाल्या. या गावात १९६८ सालच्या ऑक्टोबरात, ७ तारखेपासून ११ तारखेपर्यंत, अकरा देशांतली सुमारे पन्नास माणसे जमली होती. कोणी विद्यापीठांतले प्राध्यापक होते, तर कोणी गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांतले अनुभवी जाणकार. निमंत्रण ‘नाटो’ या राष्ट्रसंघटनेच्या विज्ञान समितीचे होते. विद्वानांच्या परिषदांत बहुधा आपापल्या यशाची कहाणी सांगायची असते. गार्मिशचे वेगळेपण असे की, येथे जमलेली मंडळी आपली फजिती कबूल करायला जमली होती.

ही फजिती कसली, हे समजायला स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. गणकयंत्र अफाट वेगाने हिशेब करते, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. घरात नवी सून आली आणि सासूबाईंनी तिला सांगितले, “चकलीच्या पिठात मोहन बेताने घाल,” तर पहिला घाणा बिघडेल कदाचित, पण दुसऱ्या दिवाळीपर्यंत ‘बेताने’ म्हणजे किती हे तिच्या हाताला कळते. यंत्राला ते कधीच कळत नाही. त्याला प्रत्येक पायरी सांगावी लागते, तीही न चुकता आणि क्रमाने. पायऱ्यांच्या या यादीलाच प्रोग्रॅम म्हणतात. मराठीत आपण तिला आज्ञावली म्हणू. १९५० च्या आसपास ही आज्ञावली निव्वळ आकड्यांत किंवा आकड्यांच्या जवळपास जाणाऱ्या सांकेतिक खुणांत लिहावी लागे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळे मुसळ केरात. लिहायला दिवस, तर चूक शोधायला आठवडे लागत.

तेव्हा कोणाच्याही मनात सहज येईल तीच कल्पना तेथल्या लोकांच्या मनात आली. जे यंत्र एवढे हिशेब करते, ते स्वतःसाठी आज्ञा लिहिण्याचे कामही का करणार नाही? ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी १९५२ साली तसा पहिला प्रयत्न केला. आधी लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे क्रमांक सांगताच निवडून एकत्र जोडायचे, हे काम त्यांनी यंत्राकडे सोपवले. यंत्राला फक्त अंकगणित येते, प्रोग्रॅम लिहिणे त्याच्या आवाक्यातले नव्हे, असे लोक त्यांना ऐकवीत. बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही.

दोनच वर्षांनी, १३ व १४ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन कचेरीने वॉशिंग्टनला एक परिसंवाद भरवला. विषय होता ‘ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग’, म्हणजे आपोआप होणारे आज्ञालेखन. आज या विषयावर जगभर जे मेळावे भरतात, त्यांचा हा मूळपुरुषच म्हणायला हरकत नाही. हॉपरबाई तेथे होत्या. आय.बी.एम. कंपनीतला जॉन बॅकस नावाचा तिशीही न गाठलेला तरुणही होता. त्याला सतावणारा प्रश्न असा: माणूस गणिताच्या ओळखीच्या भाषेत काय हवे ते सांगेल आणि त्यावरून यंत्र काटकसरीची आज्ञावली तयार करील, असे परवडेल अशा खर्चात घडू शकेल काय?

उत्तर शोधायला बॅकसने मंडळी जमवली. काम कधी पुरे होणार, असे कोणी विचारले की ते सांगत, “सहा महिन्यांत.” दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडचे शिंपीही असेच सांगतात. सहा महिन्यांची जवळजवळ तीन वर्षे झाली. पण १९५७ च्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट्रान’ ही भाषा आणि तिचे यंत्राज्ञांत रूपांतर करणारी आज्ञावली गिऱ्हाइकांच्या हाती पडली. त्या वर्षी या मंडळींनी लिहिलेल्या निबंधात एक नमुनेदार गोष्ट आहे. एक दिवसाचे शिक्षण घेतलेल्या एका माणसाने चार तासांत फोर्ट्रानची ४७ वाक्ये लिहिली. यंत्राने सहा मिनिटांत त्यांच्या सुमारे हजार आज्ञा करून दिल्या. हाताने हेच करायला तीन दिवस लागले असते. मात्र पहिल्यांदा उत्तर चुकीचे आले! शोध घेता त्या माणसाच्या एका वाक्यातच चूक निघाली. यंत्राने सांगितले तसेच केले होते. सांगण्यात खोट होती.

ही लहानशी घटना मला फार बोलकी वाटते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांची सगळी कहाणी तिच्यात आहे.

फोर्ट्रानमुळे आज्ञा लिहिणाऱ्यांची गरज संपेल असे काहींना वाटले होते. घडले उलटेच. लिहिणे सोपे झाले म्हणून माणसांनी यंत्राकडे मोठमोठ्या मागण्या सुरू केल्या. १९६४ साली आय.बी.एम.ने आपली ३६० मालिकेची यंत्रे जाहीर केली. त्यांचा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली तयार करायला शेकडो माणसे लागली, तरी ती उशिरा आली आणि चुकांनी भरलेली आली. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे १९७५ साली पुस्तक लिहून आपला अनुभव मांडला: रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखीच रेंगाळते. लग्नघरात ज्याने वाढपी नेमले आहेत, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

हे असे चालले असताना गार्मिशची परिषद भरली. म्युनिकचे प्राध्यापक फ्रिडरिश बाउअर तिचे अध्यक्ष होते. परिषदेचे नावच मुद्दाम डिवचणारे ठेवले होते: ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला भार किती पेलेल हे आधी सांगता येते. तसे तुम्हाला सांगता येते का, असा त्यात टोमणा होता. मंडळी मोकळेपणाने बोलली. काही जण ‘संकट’ हा शब्द वापरीत होते, तर काहींना तो अतिशयोक्तीचा वाटत होता. डग्लस मॅकिलरॉय यांनी सुचवले की, कारखान्यात जसे खिळे आणि स्क्रू ठराविक मापाचे मिळतात, तसे आज्ञावलीचे तयार सुटे भाग मिळाले पाहिजेत. परिषदेचा अहवाल पीटर नाउर व ब्रायन रँडेल यांनी तयार केला. तो जानेवारी १९६९ मध्ये निघाला. नुसते ठराव न छापता त्यांनी सभासदांची बोलणीच विषयवार लावून दिली. त्यामुळे तो आजही एखाद्या गप्पांच्या बैठकीसारखा वाचता येतो.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, दुसरी परिषद रोमला भरली. तेथे मात्र सूर जमले नाहीत. सिद्धांत मांडणारे आणि कामावर घाम गाळणारे यांच्यात दरी पडली. हॉलंडच्या डायक्स्ट्रा यांनी तेथे एक मार्मिक गोष्ट सांगितली: तपासण्यांनी चूक आहे हे दिसते, चूक नाही हे कधीच सिद्ध होत नाही. एक विनोदही झाला. आय.बी.एम.च्या सिम्प्सन यांनी ‘उत्कृष्ट कलाकृतींचे इंजिनिअरिंग’ या विषयावर व्याख्यान दिले. जुन्या रोममध्ये अशी एक संस्था निघाली, तिने शिल्पकारांचा वेग वाढवायला यंत्राची छिन्नी आणि चित्रकारांसाठी आपोआप रंग पिळणारे साधन काढले, अशी त्यांची थट्टा होती. सॉफ्टवेअरसाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढण्याची भाषा चालली होती, तिला हा चिमटा होता. तो इतका झोंबला की अहवालातून ते व्याख्यान गाळण्यात आले. विद्वानांनाही विनोद दुसऱ्याविषयीचाच आवडतो!

गंमत अशी की, या इतिहासाचे पुढचे पान दुसऱ्या एका रोममध्ये उलटले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचे शहर आहे; तेथे हवाईदलाचे संशोधन केंद्र होते. त्या केंद्रासाठी १९८३ साली कॉर्डेल ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अहवाल तयार केला. त्यांची कल्पना अशी: यंत्राने नुसता भाषांतरकार न राहता आज्ञावली लिहिणाऱ्याचा मदतनीस व्हावे. जुन्या वाड्यातल्या विश्वासू कारकुनासारखे त्याने लक्षात ठेवावे की, मालकाला मुळात काय हवे होते, कोणता निर्णय केव्हा घेतला आणि का घेतला. बदल करायचा तो मूळ मागणीत करावा. लिखाण यंत्राने पुन्हा करावे.

या कल्पनेभोवती १९८६ पासून दरवर्षी संशोधकांचा मेळावा भरू लागला. १९९७ मध्ये, बाराव्या मेळाव्याच्या वेळी, त्याला ‘ऑटोमेटेड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे आजचे नाव मिळाले. मुख्य परिषदेला जोडून छोट्या कार्यशाळा असतात. कोणी आपोआप चाचण्या तयार करणारे साधन आणतो, कोणी चूक हुडकणारे, कोणी ती दुरुस्त करणारे. पुष्कळदा कल्पना अर्धीकच्ची असते. इतर जण तिला उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतात आणि ती टिकली तर पुढच्या वर्षी मोठी होऊन येते.

या खटपटीची गरज काय, हे १९९६ च्या ४ जूनला साऱ्या जगाला दिसले. युरोपचे नवे ‘एरियान ५’ अग्निबाण दक्षिण अमेरिकेतल्या कुरू येथून निघाले आणि मुख्य इंजिन पेटवण्याचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी रस्ता सोडून फुटले. त्यावरचे चार उपग्रह गेले. कारण काय, तर जुन्या एरियान ४ मधला आज्ञावलीचा एक भाग जसाच्या तसा घेतला होता. नव्या बाणाचा वेग अधिक. एक आकडा त्याला दिलेल्या जागेत मावेना. तो भाग उड्डाणानंतर चालू ठेवण्याची या बाणाला गरजही नव्हती. मॅकिलरॉय यांची सुट्या भागांची कल्पना चुकीची नव्हती. पण जुन्या घरचा खांब नव्या घराला लावताना तो कोणत्या भारासाठी घडवला होता, हे विचारायचे राहून गेले.

आणि उलट बाजूही पाहावी. ऑक्टोबर १९९८ मध्ये पॅरिसमध्ये चालकाविना धावणारी भुयारी रेल्वे, चौदा क्रमांकाची, सुरू झाली. तिची सुरक्षा सांभाळणारी आज्ञावली नुसती तपासली नव्हती. मागणीपासून लिखाणापर्यंत प्रत्येक पायरी गणिती पद्धतीने, यंत्राच्या मदतीने सिद्ध केली होती. रोममध्ये डायक्स्ट्रांनी दाखवलेली उणीव भरून काढणे निदान काही ठिकाणी माणसाच्या हाती आले.

या कामात आपला वाटा अगदीच नाही असे नव्हे. १९८१ साली पुण्यात टाटांचे संशोधन केंद्र निघाले. यंत्रणेचा आराखडा द्यावा आणि त्यावरून आज्ञावली यंत्राने लिहावी, असे ‘मास्टरक्राफ्ट’ नावाचे साधन तेथल्या मंडळींनी त्या शतकाच्या अखेरच्या दशकात घडवले. सिम्प्सन यांनी हे नाव ऐकले असते तर गालात हसले असते. पुढे २०१४ साली या शास्त्राची जागतिक परिषद हैदराबादला भरली.

२०२१ पासून तर असे मदतनीस निघाले आहेत की, साध्या बोलीत मागणी सांगितली तरी ते आज्ञा लिहून देतात. नातवंडे घरबसल्या ते करून दाखवतात तेव्हा आपण थक्क होतो. बॅकसच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या अपेक्षेपलीकडे मिळाले आहे. तरीही चार तासांत ४७ वाक्ये लिहिणारा तो माणूस मला आठवतो. यंत्राने त्याचे तीन दिवस वाचवले, पण समोर आलेले उत्तर चूक आहे हे ओळखले ते त्यानेच. लिहिण्याचे ओझे पिढीगणिक कमी होत गेले; काय हवे ते ठरवण्याचे आणि आले ते बरोबर आहे का हे पारखण्याचे ओझे मात्र उतरले नाही. उलट लिहिणे जितके स्वस्त झाले, तितकी पारख महाग झाली.

आजचे यंत्र मोहनाचे मापही सांगेल, कदाचित ते बरोबरही असेल. पण पहिली चकली तोंडात टाकून “अजून थोडे हवे होते,” असे म्हणणारी सासूबाई अजून तरी कोणाच्या कार्यशाळेत तयार झालेली नाही.