परहस्ती गेलेले पुस्तक: ग्रंथालयांमधील देवघेवीच्या नियमांचा इतिहास

१/१५
पुस्तक एकदा परहस्ती गेले की ते गेलेच समजावे, आणि चुकून परत आलेच तर फाटून, मळून येते, अशा आशयाचे एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हे भय जगभरच्या ग्रंथपालांना ठाऊक होते. तरीही आज एका ग्रंथालयाचे पुस्तक शेकडो मैलांवरच्या अनोळखी वाचकाकडे जाते आणि परत येते. हे नियमांमुळे शक्य झाले. त्या नियमांचा हा इतिहास.

२/१५
कोणत्याही देवघेवीत चार प्रश्न असतात. काय द्यायचे? कोणाला द्यायचे? खर्च कोणी सोसायचा? आणि हरवले तर भरपाई कोणी करायची? साधने बदलली, शतके उलटली, प्रश्न मात्र हेच राहिले. बदलली ती त्यांची उत्तरे. त्या उत्तरांवरून कोणत्या काळाने कोणावर किती विश्वास टाकला, हे कळते.

३/१५
मध्ययुगीन युरोपात ग्रंथ म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली दौलत. अनेक मठांनी ग्रंथ बाहेर न देण्याच्या शपथा घेतल्या होत्या. १२१२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या धर्मसभेने या शपथांना विरोध केला. ग्रंथ उसना देणे हे दयेच्या प्रमुख कृत्यांपैकी एक आहे, असे तिने ठरवले. काही ग्रंथ मठातच ठेवावेत, काही गरजूंना द्यावेत, मात्र मठाचे नुकसान होऊ देऊ नये, अशी ही व्यवस्था होती. ‘येथेच वाचा’ आणि ‘घरी न्या’ हा भेद इतका जुना आहे.

४/१५
त्याच सुमारास मध्य आशियातील मर्व्ह नगरीत निराळे चित्र होते. भूगोलकार याकूत अल्‌-हमवी तेथील ग्रंथालयांत अभ्यास करत होता. त्याने लिहून ठेवले आहे की, आपल्या घरी नेहमी दोनशे किंवा त्याहून अधिक ग्रंथ असत आणि त्यांसाठी तारण मागितले जात नसे. विद्वानाची पत हेच तारण होते. १२२१ मध्ये मंगोल सैन्याने मर्व्ह उद्ध्वस्त केले आणि ती ग्रंथालयेही नष्ट झाली.

५/१५
पॅरिसमध्ये मात्र राजाची पतही पुरेशी नव्हती. १४७१ मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याला अर्‌-राझी या वैद्यकाचार्याचा ग्रंथ हवा होता. तो होता पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेकडे. राजाने चांदीची भांडी तारण ठेवली आणि जामीनही दिला, तेव्हा कुठे ग्रंथ मिळाला. नियमापुढे राजमुकुटाचे चालले नाही. पण ज्याच्यापाशी चांदी नाही, त्याच्यासाठी हा दरवाजा बंदच होता.

६/१५
छपाई आली, ग्रंथ स्वस्त झाले, सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली. तरी एका गावचे पुस्तक दुसऱ्या गावी पाठवण्याची सर्वमान्य रीत नव्हती. १८७६ मध्ये अमेरिकेतील ‘लायब्ररी जर्नल’च्या पहिल्याच अंकात वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी सुचवले की, ग्रंथालयांनी आपसांत करार करून थोड्या मुदतीसाठी एकमेकांना पुस्तके द्यावीत.

७/१५
या सूचनेचा गाभा साधा होता. पुस्तक व्यक्तीला न देता संस्थेला द्यायचे. दूरच्या वाचकाला पुस्तकाचा मालक ओळखत नाही, पण त्या वाचकाचे ग्रंथालय त्याला ओळखते. म्हणून जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाने घ्यायची. लुईच्या चांदीची जागा आता संस्थेच्या सहीने घेतली. १८९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रंथपाल जोसेफ रॉवेल यांनी बर्कली येथे इतर ग्रंथालयांशी अशी देवघेव धोरण म्हणून सुरू केली.

८/१५
१९१७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने पहिली आंतरग्रंथालयीन देवघेवीची संहिता तयार केली. चारही प्रश्नांची उत्तरे तिच्यात होती. हेतू: संशोधनाला साहाय्य. वगळायचे काय: चालू कादंबऱ्या, नवी आणि बाजारात स्वस्तात मिळणारी पुस्तके. खर्च: मागणाऱ्याचा. नुकसान: तेही मागणाऱ्याकडे. पुढे १९४० आणि १९५२ मध्ये ती सुधारली गेली.

९/१५
या संहितेने देवघेव सुरळीत केली, पण एक रेघही ओढली. ज्ञानाची सीमा पुढे नेणारा संशोधक आत; केवळ जिज्ञासेने वाचणारा शिक्षक, कामगार किंवा विद्यार्थी बहुधा बाहेर. ब्रिटनमध्ये नेमक्या या बाहेरच्या वाचकासाठी १९१६ मध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिज यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठीचे मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले होते. प्रौढ वर्गांत शिकणाऱ्या कामकऱ्यांना पुस्तके पोहोचवणे हे त्याचे काम. ‘कोणाला द्यायचे?’ या प्रश्नाची दोन देशांत दोन उत्तरे दिली गेली.

१०/१५
काही ग्रंथ मात्र कोणत्याही नियमाने प्रवासाला निघू शकत नाहीत. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यातले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. हस्तलिखिते देशभर आणि देशाबाहेरही विखुरलेली. लिप्या अनेक, संग्रहाची मालकी अनेकांची.

११/१५
ग्रंथ येऊ शकत नसेल तर काम ग्रंथापाशी न्यावे, हा मार्ग संस्थेने काढला. तंजावर आणि शांतिनिकेतन येथे पाठमीलनाची केंद्रे उभी राहिली. ठरलेल्या पद्धतीच्या तक्त्यांवर आधारपाठाखाली प्रत्येक हस्तलिखितातील पाठभेद अक्षरशः नोंदले जात आणि ते तक्ते पुण्यात येत. ग्रंथ जागेवरून हलला नाही, त्यातील मजकूर मात्र संपादकांच्या हाती आला. १९६६ मध्ये हे कार्य पूर्ण झाले, तेव्हा बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली होती. ‘मूळ नको, प्रत चालेल’ हा पुढच्या काळाचा नियम येथे आधीच हातांनी राबवला गेला.

१२/१५
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्य अडचण होती विलंबाची. कोणाकडे काय आहे हे शोधण्यातच आठवडे जात. डोनाल्ड अर्कहार्ट यांनी इंग्लंडमधील बॉस्टन स्पा येथे वेगळाच विचार केला: केवळ उसने देण्यासाठीच एक मोठा संग्रह उभारायचा. तेथे नियतकालिके शीर्षकाच्या अक्षरक्रमानेच फडताळांवर लावलेली असत, म्हणजे यादी न चाळता थेट अंक काढता येई. मागणीचे अर्ज आधीच पैसे भरून विकत घेतलेले असत, म्हणून प्रत्येक वेळी हिशेब नको. १९७३ मध्ये हे केंद्र ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाले.

१३/१५
झेरॉक्स यंत्राने नवा पेच आणला. प्रतच पाठवता येत असेल तर नियतकालिक विकत कोण घेणार? अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी यावर मर्यादा सुचवली: एखाद्या नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतील अंकांतून एका ग्रंथालयाने वर्षाला पाचच लेखांच्या प्रती मागवाव्यात. परदेशी देवघेवीत चलन बदलण्याची कटकट होती; १९९५ मध्ये ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने त्यासाठी प्लॅस्टिकची चलपत्रे काढली. एकाने दिलेले पत्र दुसरा तिसऱ्याला देऊ शके.

१४/१५
१९७९ मध्ये ओसीएलसी या अमेरिकी संस्थेने संगणकावरून मागणी पाठवण्याची सोय केली. मागणारे ग्रंथालय पाच संभाव्य दात्यांची क्रमवार यादी देई. पहिल्याने नकार दिला किंवा मुदतीत उत्तर दिले नाही, तर मागणी आपोआप पुढे सरके. भारतात १९८८ मध्ये दिल्लीतील ग्रंथालयांचे डेलनेट हे जाळे आकाराला आले. आता नियम कागदावरून आज्ञावलीत उतरले: अमुक प्रकारचे साहित्य देऊ नये, अमुक सदस्यांकडून शुल्क घेऊ नये, मुदत इतके दिवस, नूतनीकरण एकदाच.

१५/१५
१९१७ ची संहिता अर्ज वाचणारा ग्रंथपाल लागू करत असे. पत्रातली निकड पाहून तो अपवादही करू शके. आज्ञावलीला पत्र वाचता येत नाही. ‘देऊ नये’ या रकान्यात एकदा खूण झाली की मागणी कोणाच्याही नजरेस न पडता पुढे सरकते, आणि आपल्याला नकार कोणी दिला हे वाचकाला कळतही नाही. १२१२ च्या धर्मसभेपुढे शपथा घेतलेले मठ निदान डोळ्यांसमोर होते. म्हणून आज एखाद्या ग्रंथालयात ही खूण करायला बसणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्येक रकान्यापाशी थांबून विचारायला हवे: हे पुस्तक खरोखरच हलवता येण्याजोगे नाही, की ते परहस्ती जाण्याचे जुने भयच येथे पुन्हा लिहिले जात आहे?